घर फोडलं जाऊ नये म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे 2019 मध्ये आम्ही सगळे साताऱ्याला लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या रात्री आमचं पुण्यातलं घर फोडलं गेलं. परत आलो तेव्हा नजर आधी कुलपावर गेली. ते अजून बंदच होतं. कोयंडा मात्र चौकटीतून उचकटून निघाला होता आणि कुलपासकट कडीला लोंबत होता. त्याचे चार स्क्रू जिन्यात पडले होते. एक उचलून पाहिला तर जेमतेम पाऊण इंचाचा. दुकानदाराने 'हे कुणाच्या बापाला तुटायचं नाही' म्हणून दिलेलं कुलूप खरंच तुटलं नव्हतं.

त्यानंतर चार वर्षं मी सोसायटीची सचिव होते. खाली दिलेले प्रश्न मला जिन्यात, सर्वसाधारण सभेत, हळदीकुंकवाला, रात्री अकराला फोनवर विचारले गेले आहेत. उत्तरं मी सुताराकडून, कुलूपवाल्याकडून, आमच्या बीटच्या हवालदारांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून गोळा केली.

चोर नेमकं आपलंच घर का निवडतो?

बहुतेक वेळा 'आपलंच' असं काही नसतं. जे घर बंद दिसतं आणि जिथे चार-पाच मिनिटं कुणी हटकणार नाही, ते घर निवडलं जातं. दारात साचलेली वर्तमानपत्रं, कडीला अडकवलेली दुधाची रिकामी पिशवी, सुकलेली तुळस, रोज रांगोळी असणाऱ्या उंबऱ्यावर दोन दिवस रांगोळी नसणं, भर दुपारी जळत राहिलेला व्हरांड्यातला दिवा. ही सगळी 'आम्ही घरी नाही' अशी पाटीच असते. बाहेरून लटकणारं मोठं कुलूपही तेच सांगतं.

रात्रीइतकीच दुपारचीही काळजी घ्या. नवरा-बायको नोकरीला, मुलं शाळेत, अकरा ते चार इमारत ओस. त्या वेळी हातात बॅग घेऊन जिना चढणाऱ्याला कुणीच विचारत नाही. 'कुणाकडे आलात?' एवढं विचारायची सवय इमारतीतल्या सगळ्यांनी लावून घ्यावी. खरा पाहुणा नाव सांगतो, आणि आपण त्याला मजला दाखवतो.

दाराला किती कुलपं लावावीत?

आधी दार आणि चौकट बघा, कुलपाचं नंतर. घर बंद असताना चोर सहसा किल्लीच्या भोकाशी खेळत बसत नाही. कटावणी घालतो आणि जे सगळ्यात कच्चं असेल ते उखडतो. कच्चा असतो कोयंडा, नाहीतर लॅचची जीभ ज्यात शिरते ती चौकटीवरची पातळ पत्र्याची पट्टी.

म्हणून सुताराला बोलावून तीन गोष्टी करून घ्या. एक, कोयंडा स्क्रूवर न ठेवता आरपार बोल्टने बसवा, नट आतल्या बाजूला. दोन, चौकटीवरची पट्टी जाड घ्या आणि तिला निदान तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे ते लाकूड ओलांडून भिंतीत जातील. तीन, चौकट आणि भिंत यांच्यात फट आहे का बघा. जुन्या इमारतींत तिथला गिलावा सुटलेला असतो आणि चौकट हाताने हलते. आमच्या सुताराने आमच्या चौकटीवर नुसता तळहात आपटून दाखवला, वरून वाळू गळली.

मग कुलूप. नाइट लॅच असेल तर दार नुसतं ओढून घेऊन निघू नका, किल्ली फिरवून जीभ पक्की करा. नुसतं ओढलेलं लॅच स्प्रिंगवर असतं, ते प्लॅस्टिकच्या पट्टीने मागे सरकवता येतं. दाराच्या आतच बसणारं कुलूप लटकत्या कुलपापेक्षा बरं, कारण घर बंद आहे हे बाहेरून कळत नाही. लटकतंच लावायचं असेल तर ज्याची कडी झाकलेली असते, कटावणीला आत शिरायला जागा उरत नाही, असं घ्या.

सेफ्टी डोअर असलं तर त्याच्या बिजागऱ्या बघा. हे दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बाहेर येतात. त्यांची पिन वरून ठोकून काढता येत असेल तर ती वेल्ड करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

जुन्या वाड्यांत दाराला अडसर असायचा. भिंतीतल्या खोबणीतून सरकवलेला जाड लाकडी दांडा, दोन्ही बाजूंनी भिंतीत शिरलेला. दारावर कितीही जोर लावा, तो भिंतीवर जायचा. आजही गावाकडे घर बांधताना मागच्या दाराला अडसर ठेवणारे मिस्त्री आहेत. तुमचं घर बांधून व्हायचं असेल तर त्यांना जरूर सांगा.

चोर शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे, आमच्याकडे तसंच झालं. समोरच्या काकूंना पहाटे तीनच्या सुमारास लाकूड फुटल्याचा आवाज आला. त्या उठून दाराशी गेल्या तर दार उघडेना. त्यांना वाटलं, लॅच अडकलं. त्यांच्याकडे आमचा नंबर होता, पण आम्ही साताऱ्यात. खालच्या मजल्यावरच्या कुणाचाही नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्या गॅलरीत जाऊन हाका मारत राहिल्या, तोवर चोर गेले होते. आजही त्या मला म्हणतात, 'अगं, मी जागी होते गं.' त्यांना याचं फार वाईट वाटतं आणि त्यांच्याहून जास्त मला.

यावर उपाय सोपा आणि जवळपास फुकट आहे. तुमच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला जी कडी आहे ती लागते कशाला, विचार करा. आत बसणारं कुलूप असेल तर बाहेरची कडी काढून टाका. इमारतीतल्या सगळ्यांचे नंबर कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा, मोबाइल चार्जिंग संपल्यावर आठवत नाहीत. आणि शिट्टी घ्या. पीटीच्या सरांची असते तसली साधी शिट्टी. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात एक आहे. रात्री ती वाजली की ज्याच्या दाराला कडी नसेल तो बाहेर येतो, बाकीचे दिवे लावतात आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करतात.

खिडक्यांना ग्रिल आहे. पुरे ना?

ग्रिल भिंतीत रोवलेलं आहे की नुसतं खिळेपट्टीवर बसवलंय, ते बघा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या वर उचलून खाचेतून काढता येतात, त्यामुळे आतल्या खाचेत मापाची काठी टाकून ठेवा. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे बाथरूमची झडपांची खिडकी. तिच्या काचा एकेक करून सरकवून बाहेर काढता येतात, आवाजसुद्धा होत नाही. शेजारूनच ड्रेनेजचा पाइप गेलेला असतो. तिथे आतून जाळी मारा.

पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. चारही बाजूंनी बंद पिंजरा करू नका. आग लागली तर याच ग्रिलमागे माणसं अडकतात. निदान एका बॉक्स ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी, तिला कुलूप असेल तर किल्ली तिथेच, हाताला लागेल पण बाहेरून पोचणार नाही अशा खिळ्यावर. सेफ्टी डोअरचंही तेच. रात्री आतून कुलूप लावून किल्ली कपाटात, पर्समध्ये, उशीखाली असं फिरवू नका. घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला अंधारात ती किल्ली सापडली पाहिजे. एकदा दिवे घालवून करून बघा. आमच्या सासूबाईंना पहिल्या खेपेला चार मिनिटं लागली होती.

सीसीटीव्ही लावला की निर्धास्त का?

कॅमेरा चोराला थांबवतो कमी आणि नंतर उपयोगी पडतो जास्त. तोही नीट लावला तरच. कॅमेरा फार उंच लावला की टोपी आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. एक तरी कॅमेरा जिन्याच्या वळणावर, चेहऱ्याच्या जरा वर हवा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवा. त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना, किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, पासवर्ड बदललाय का, हे महिन्यातून एकदा बघा. आमच्या सोसायटीचा कॅमेरा त्या रात्री चालू होता आणि त्याचं घड्याळ सहा तास मागे होतं. ते समजावून सांगण्यातच पोलिसांचा आणि आमचा एक अख्खा दिवस गेला.

पैसे मोजकेच असतील तर आधी चौकट, मग दाराबाहेर माणूस येताच लागणारा दिवा, आणि कॅमेरा तिसरा.

आमच्याकडे वॉचमन आहे.

चांगलं आहे. त्याला बसायला जागा, टॉर्च, चालू फोन, सगळ्यांचे नंबर आणि महिन्यातून काही सुट्ट्या दिल्या आहेत का? बारा-बारा तास एकाच माणसाला उभं करून, वर त्यालाच गाड्या धुवायला लावून, रात्री तो डुलकी घेतो अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. येणाऱ्याची वही ठेवायची तर ती रोज कुणीतरी वाचायलाही हवी.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जातो. निघताना काय काय करायचं?

मुंबईचे चाकरमानी गणपतीला कोकणात गेले की चाळीच्या चाळी रिकाम्या होतात आणि उरलेलं वर्षभर कोकणातली घरं बंद. दोन्हीकडची काळजी असणारी माणसं मला सगळ्यात जास्त हा प्रश्न विचारतात.

पेपर आणि दूध बंद करायला सांगा, तेही दारात मोठ्याने नको, फोनवर. शेजाऱ्यांना किल्ली देता येत असेल तर द्या. संध्याकाळी दिवा लावणं, सकाळी झाडांना पाणी, दारातली पत्रकं उचलणं, गॅलरीत एखादा टॉवेल वाळत घालणं एवढं त्यांनी केलं की घर नांदतं दिसतं. परत आल्यावर नारळ-कोकमं न्यायला विसरू नका, आणि ते बाहेरगावी गेले की त्यांचं घर तुम्ही बघा.

दिवा सतत चालू ठेवून जाऊ नका. वेळेवर लागणारा-विझणारा टायमर मिळतो, तो घ्या. दाराबाहेर चपलांचा एक जोड राहू द्या. किल्ली कुंडीखाली, मीटरच्या पेटीत किंवा चौकटीवर ठेवू नका, तिथे प्रत्येक जण आधी हात घालतो. बऱ्याच पोलीस ठाण्यांत बंद घराची माहिती दिली तर रात्रीच्या गस्तीत तिकडे फेरी होते. अर्ज लिहून द्या, फोन नंबर द्या.

प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. घरातल्या कॉलेजच्या मुलांनाही हे नीट समजावून सांगा, कारण 'कोकण कॉलिंग' म्हणून स्टेशनवरूनच त्यांचं स्टेटस पडलेलं असतं.

कोकणातल्या बंद घरासाठी एक माणूस ठरवा, पगारी ठरवा. महिन्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून, पडवी झाडून, मागच्या न्हाणीघराच्या दाराचा फोटो पाठवायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कुजतं, आणि कडी नुसत्या धक्क्याने सुटते. नवं कुलूप कुजक्या फळीवर लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

दागिने घरात कुठे ठेवायचे?

तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, गादीखाली, कपाटातल्या साड्यांच्या घडीत. या जागा चोरालाही माहीत आहेत. आमच्याकडे त्यांनी डाळींचे डबे ओट्यावर ओळीने ओतले होते. रोजच्या वापरापुरतं घरी ठेवा, बाकी बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं. चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यातून नुकसान झालं तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत असते. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. त्याहून जास्त ऐवज असेल तर वेगळा विमा बघावा लागतो.

विम्याबद्दल एक गैरसमज फार आहे. 'भारत गृह रक्षा' पॉलिसी घेतली म्हणजे घरफोडीही आली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मूळ पॉलिसीत चोरी येते ती आग, पूर अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. घर सलग किती दिवस बंद राहिलं तर दावा नाकारतात तेही विचारा, कारण अशी अट बहुधा असते.

आणि आज संध्याकाळी एवढं कराच: प्रत्येक दागिन्याचा फोटो, पावतीचा फोटो, आणि हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोरलेला असेल तर तो लिहून ठेवा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत, म्हणजे नव्या दागिन्यांवर तो असणार. जुन्यांचे फोटो जवळून काढा, झिज, डाग, तुटून जोडलेली कडी दिसेल असे. मोबाइलचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचे वेगळे ओळख क्रमांकही त्याच कागदावर.

रात्री घरात कुणी शिरल्याचं कळलं तर?

यासाठी आधी ठरवून ठेवणं हाच सगळा खेळ आहे. आमच्या घरात ठरलंय ते असं. ज्याला आधी जाग येईल त्याने बाकीच्यांना हलवून उठवायचं, हाक मारायची नाही. सगळ्यांनी मागच्या बेडरूममध्ये जमायचं, कारण तिच्या दाराला आतून मजबूत कडी आहे आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. आजींना कुणी आणायचं हे ठरलेलं आहे: माझा मुलगा. दार लावलं की एकाने 112 ला फोन, दुसऱ्याने शेजाऱ्यांना. फोनवर आधी पत्ता सांगायचा, मग घटना, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते. मग दिवे, शिट्टी, खिडकीतून आरडाओरडा, जेवढा करता येईल तेवढा.

चोराची जाण्याची वाट अडवू नका. कोंडीत सापडलेला माणूस वार करतो. तो दाराकडे पळत असेल तर पळू द्या. अंगावर शस्त्र रोखलं तर जे मागेल ते देऊन टाका, चेहरा, आवाज, चाल, चपला लक्षात ठेवा. मंगळसूत्र पुन्हा करता येतं.

बाहेरून आलात आणि कुलूप तुटलेलं दिसलं तर आत शिरू नका. चोर आत असू शकतो. खाली या आणि तिथून फोन करा.

चोराला मारलं तर आपल्यावरच केस होते का?

स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 मध्ये आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, किंवा जिवाला वा गंभीर दुखापतीचा धोका आहे असं वाजवीपणे वाटावं अशी चोरी किंवा घरात घुसखोरी, या प्रसंगी हा हक्क, वेळ पडली तर, हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो.

पण त्याच संहितेच्या कलम 37 मध्ये मर्यादा घातली आहे: बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत वार करणं किंवा पकडून खांबाला बांधून रात्रभर मारणं हा बचाव राहत नाही, तो तुमच्या हातून झालेला गुन्हा ठरतो. आपल्या डोळ्यांदेखत घरफोडीसारखा गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही धरू शकतो. धरल्यावर विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं असतं.

'मग घरात कोयता, तलवार ठेवू का?' असंही विचारतात. माझं मत ठाम आहे: नको. झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातातलं हत्यार दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नाही, आणि घरात मुलं असतात. मोठा टॉर्च आणि शिट्टी उशाशी ठेवा.

आई-बाबा एकटे राहतात, आम्ही परगावी, काही जण परदेशात. काय करावं?

रोज ठरलेल्या वेळी फोन. सकाळी आठला फोन उचलला नाही तर सव्वाआठला शेजारचे दार वाजवतील, असं आधीच ठरवा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचा आधार घेऊन पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करून घ्या. ठाण्यात जाऊन नाव नोंदवायचं काम तुम्ही सुट्टीवर आलात की स्वतः करा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइनही त्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांच्या घरात कटावणी लागत नाही, तिथे गोड बोलून शिरतात. 'भांडी-दागिने पॉलिश करून देतो', 'गॅसची पाइप तपासायला आलोय', 'साहेबांनी पार्सल पाठवलंय'. रस्त्यावर भेटतात ते तोतया पोलीस: 'आजी, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा, मी बांधून देतो.' घरी येऊन गाठ सोडली की आत खडे. आई-बाबांना एकच वाक्य पाठ करून द्या: 'थांबा, मी शेजारच्यांना बोलावते.' खरा माणूस थांबतो. पोलीस कुणालाही रस्त्यात दागिने उतरवून द्यायला सांगत नाहीत, हेही शंभरदा सांगा.

दाराला साखळी आणि बाहेर बघायचं भिंग असतं, पण ते बहुतेकदा उंच माणसाच्या मापाने बसवलेलं. आजींच्या उंचीला दुसरं भिंग बसवा.

मुलांना किती सांगावं? घाबरतील ना.

घाबरवायचं नाही, काम द्यायचं. 'बेल वाजली तर दार उघडायचं नाही, आई अंघोळीला गेली आहे असं आतून सांगायचं.' घरचा एक गुप्त शब्द ठरवा. शाळेतून न्यायला कुणी अनोळखी आलं आणि तो शब्द सांगू शकलं नाही तर जायचं नाही. आमचा शब्द एका भाजीचा होता. घरचा पत्ता, जवळची खूण आणि 112 तोंडपाठ.

घरकामाला येणाऱ्या मावशी, भाडेकरू यांची पडताळणी कशी करायची?

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, ऑनलाइनही देता येते. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. मावशींच्या ओळखपत्राची प्रत आणि घरच्यांचा नंबर ठेवा, पण तो मागताना तुमचाही नंबर त्यांना द्या. त्यांच्यासमोर लॉकरच्या, गावी जायच्या तारखांच्या गप्पा मारू नका, ही काळजी सुतार, प्लंबर, पाहुणे यांच्यासमोरही तितकीच घ्यायची.

आमच्याकडे चोरी झाली तेव्हा पहिली चौकशी आमच्या मावशींची झाली. नऊ वर्षं त्या येत होत्या. दोन दिवस त्यांना ठाण्यात बसवलं. शेवटी त्यांचा काडीचाही संबंध निघाला नाही. मी त्या वेळी त्यांच्यासोबत ठाण्यात जाऊन बसायला हवं होतं, आणि मी बसले नाही. तुमच्यावर वेळ आली तर बसा.

आमचं घर वस्तीवर, शेतात आहे. शेजार अर्ध्या किलोमीटरवर.

तिथे कुत्रं, उजेड आणि फोन. अंगणातला दिवा सौर घ्या, लाइट गेली तरी चालतो. उन्हाळ्यात अंगणात, गच्चीवर झोपताना घराचं दार उघडं टाकून झोपायची सवय मोडा. अंगावरचे दागिने उतरवून ठेवा. कुदळ, पहार, शिडी बाहेर पडू देऊ नका, तुमचीच पहार तुमच्याच दाराला लागते.

पोलीस पाटलांचा नंबर घ्या. गावात ग्राम सुरक्षा दल असेल तर रात्रीच्या गस्तीत नाव द्या. पुणे, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: एका ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर फोन केला की तुमचा आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकदम जातो. तुमच्या गावात ती सुरू असेल तर घरातल्या प्रत्येकाचा नंबर नोंदवा.

गावात चोर फिरताहेत असा मेसेज आलाय. पुढे पाठवू का?

पाठवू नका. आधी पोलीस ठाण्याला किंवा पोलीस पाटलांना विचारा.

हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा वाटतो म्हणून थोडं सविस्तर. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ती मंगळवेढ्याकडची डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघे मारले गेले. दोन्ही ठिकाणी लोक आपलं घर आणि मुलं वाचवायलाच बाहेर पडले होते.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण पाल ठोकून राहणाऱ्या माणसाकडे बघायची आपली नजर अजून तीच आहे. गस्त घाला, गाडीचा नंबर टिपून घ्या, फोन करा. हात उचलू नका, आणि कुणी उचलत असेल तर मध्ये पडा.

चोरी झालीच. आता आधी काय?

कशालाही हात लावू नका. पसारा बघून आवरायला हात शिवशिवतात. मी स्वतः देव्हाऱ्यातले देव उचलून जागेवर ठेवले, आणि ठसेतज्ज्ञ आल्यावर त्यांनी नेमकं विचारलं, 'देव्हाऱ्याला कुणी हात लावला?' घराबाहेर थांबा, 112 ला फोन करा. पंचनामा होईल, कदाचित श्वानपथक येईल.

एफआयआरमध्ये ऐवजाची यादी घाईने देऊ नका. आठवेल तशी, वजनासकट लिहा, नंतर आठवलेलं पुरवणी जबाबात देता येतं. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं आहे. आपल्या हद्दीतलं ठाणं नसलं तरी तक्रार घ्यावी लागते. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. चोरीला गेलेले मोबाइल सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून बंद करता येतात. चेकबुक, कार्डं बंद करा. किल्ल्यांचा जुडगा गेला असेल तर सगळी कुलपं त्याच दिवशी बदला, गाडीचंसुद्धा.

सापडलेला ऐवज परत मिळतो का?

मिळतो, न्यायालयाच्या आदेशाने. तपासात जप्त झालेला मुद्देमाल ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो आपलाच आहे हे दाखवावं लागतं. इथे ते फोटो आणि पावत्या कामी येतात. सोनं वितळवलेलं असेल तर लगड मिळते, दागिना मिळत नाही.

आमच्या ऐवजातलं एकच परत आलं, माझ्या आईची नथ. तिचा फोटो आमच्याकडे नव्हता. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आई वऱ्हाडाच्या मागच्या रांगेत उभी आहे, त्या फोटोत ती नथ दिसते, आणि मधला एक मोती इतरांपेक्षा जरा पिवळट आहे. न्यायालयात मी तो अल्बमच घेऊन गेले होते.